रिकामा बसून ६८ अंश: चोर सापडला, बहुतेक

सापडला! नऊ नंबरच्या इंटरप्टवर, म्हणजे हार्डवेअर प्रोसेसरला हाक मारतं त्या घंटेवर, ठाण मांडून बसला होता. सविस्तर सांगतो.

लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर गेल्यापासून माझा जुना कार्यालयीन लॅपटॉप (आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८२५०यू) काहीही काम नसताना ६८ अंशांवर बसायचा आणि पंखा कोकलत राहायचा, इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. अपडेटनंतर पहिली रात्र फायलींचं इंडेक्सिंग चालतं, त्यात मशीन तापणं साहजिक. म्हणून रात्रभर चालू ठेवला. सकाळी तेच. टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डेमन हे वीज वाचवणारे दोन प्रोग्राम एकमेकांच्या पायात पाय घालत असतील म्हणून एक काढून टाकला. तेच. ब्राउझर बंद, तरीही तेच.

मिसळीवर जमलो तेव्हा निम्म्यांचं मत पडलं की पेस्ट बदल (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा तो लेप). उरलेले म्हणाले, भावा, कोल्हापुरात एप्रिल चालू आहे, लॅपटॉपला कशाला दोष देतोस. राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्यानं तर मशीन हातात घ्यायच्या आतच सांगितलं, "पेस्ट वाळली दादा, ठेवून जावा."

पेस्टच्या वादात मी का पडलो नाही ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. तापमान हा परिणाम आहे. त्याच्या आधी बघायचे ते वॉट. टर्बोस्टॅट हे मोजमापाचं टूल चालवा आणि पॅकेज वॉटचा, म्हणजे चिप किती वीज खाते त्याचा, रकाना बघा. वॉट पूर्वीइतकेच आणि तापमान चढलेलं, तर उष्णता बाहेर पडत नाही: पेस्ट, धूळ, पंखा, तिकडे जा. वॉटच चढलेले असतील तर प्रोसेसर कुठंतरी राबतोय, आणि तिथं सोन्याची पेस्ट लावली तरी उपयोग शून्य. हिवाळ्यातल्या माझ्या नोंदीत रिकाम्या मशीनचा आकडा दीड ते दोन वॉट आहे. आता दिसत होते आठ, कधी नऊ. वर पॅकेज सी-स्टेटचे रकाने शून्यावर, म्हणजे चिप गाढ झोपेत जातच नव्हती. स्क्रू ड्रायव्हर परत डब्यात ठेवला.

शिवाय पेस्ट माझ्या मशीनमध्ये नाहीच. हिवाळ्यात पीटीएम ७९५० ची फेज चेंज शीट बसवली आहे. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूची टोपी नसते. गरम-गार होताना पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि वर्षभरात मधला भाग कोरडा पडतो. शीट ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन जागेवर पसरते आणि तिथंच राहते. फक्त घेताना जपून. अर्ध्या किमतीत मिळणारे तुकडे बनावट असण्याची शक्यता दाट, माझा पहिला तुकडा तसलाच निघाला. आणि प्लास्टिक सोलायच्या आधी शीट थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर बोटालाच चिकटून येते.

आता चोर. पहिला संशय अर्थातच नव्या कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर. ग्रबच्या (सुरू होतानाच्या मेनूच्या) प्रगत पर्यायांत जाऊन जुन्या कर्नलवर बूट केलं. आठ वॉट. मग जुन्या आवृत्तीची लाइव्ह पेन ड्राइव्ह शोधली, जिच्यावर हे मशीन पूर्वी थंडगार चालायचं. तिच्यावरही आठ वॉट! इथं डोकं फिरलं. डिस्कवरचं काहीच चालू नाही, जुनीच सिस्टिम, आणि तरी ताप नवा.

म्हणजे जे बदललं ते डिस्कवर नव्हतंच. फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच बसलेलं सॉफ्टवेअर, बायोस त्यातलाच) अपडेट करणाऱ्या एफडब्ल्यूयूपीडीचा इतिहास उघडला आणि दिसलं की त्याच अपडेटच्या झुंडीत बायोसची नवी आवृत्तीही बसली होती. सॉफ्टवेअर सेंटरनं फर्मवेअर आणि बाकीची पॅकेजेस एकाच बटणाखाली ठेवायची, हे मला अजिबात पटत नाही. कॅल्क्युलेटरचं अपडेट आणि बायोसचं अपडेट एका पंगतीत जेवायला बसवू नये.

बायोस बदलला म्हटल्यावर अंडरव्होल्ट, म्हणजे प्रोसेसरला मुद्दाम कमी व्होल्टेज देणं, तपासलं. मी उणे ८५ मिलिव्होल्टवर चालवायचो. आता टूल म्हणे लागू केलं, आणि वाचलं की शून्य. कुलूप लागलंय. ह्याचं मूळ २०१९ च्या डिसेंबरमधलं प्लंडरव्होल्ट: व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून प्रोसेसरच्या एसजीएक्स ह्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चूक घडवता येते, हे संशोधकांनी दाखवलं. तेव्हापासून फर्मवेअर अपडेटमधून ती वाटच बंद होत गेली. आपण एसजीएक्स वापरत नाही, तरी कुलूप आपल्यालाही.

बरेच जण इथं फाइल बंद करतात. अंडरव्होल्ट गेलं, म्हणून तापतंय, संपला विषय. पण हिशेब बसत नाही. अंडरव्होल्टचा फायदा भार असताना दिसतो. कर्नल कंपाइल करताना पाच-सात अंश कमी. रिकाम्या मशीनवर त्याचा फरक नगण्य. दोनाचे आठ वॉट त्यानं होत नाहीत.

परत एचटॉपकडे, म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या यादीकडे. यादीत काहीच नाही, सगळ्यात वर एचटॉप स्वतःच. पण वरची पहिल्या कोअरची पट्टी लालभडक. लाल म्हणजे कर्नलचा वेळ. एचटॉप कर्नलचे थ्रेड मुळातच लपवून ठेवतो! शिफ्ट-के दाबलं आणि यादीच्या डोक्यावर केवर्कर हा कर्नलचा हरकाम्या उगवला, शेपटीला केएसीपीआयडी, म्हणजे एसीपीआयचं (हार्डवेअर आणि सिस्टिममधल्या निरोपांचं) काम. मग प्रॉक इंटरप्ट्स ही इंटरप्टच्या मोजणीची फाइल उघडली. नऊ नंबरची एसीपीआयची ओळ रिक्षाच्या मीटरसारखी पळत होती.

ज्यांनी ह्या वाटेला पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी: झाकण मिटलं, चार्जर लागला, असल्या बातम्या हार्डवेअर सिस्टिमला जीपीई नावाच्या दारांवरून देतं. सगळ्या दारांची घंटा एकच, तीच नऊ नंबरची. सिस फोल्डरात फर्मवेअर, त्यात एसीपीआय, त्यात इंटरप्ट्स, असं आत गेलं की प्रत्येक दाराची मोजणी मिळते. ग्रेप मारून (गाळून) शून्यापेक्षा जास्त असलेल्या तेवढ्या बघितल्या. बाकी दारांवर दहा-वीस, फार तर काही शे. ६एफ वर कोट्यवधी. कुणीतरी घंटेवर बोट ठेवून उभं, आणि कर्नल बिचारा दर वेळी उठून दार उघडतोय.

रूट होऊन (सगळे अधिकार घेऊन) ६एफ च्या फाइलीत "मास्क", म्हणजे हे दार बंद कर, एवढा एक शब्द लिहिला. पंखा आधी खाली आला, मग थांबला. खोलीत ३४ अंश आणि प्रोसेसर ४५ वर, वॉट दोनच्या खाली. नाद खुळा! इतक्या दिवसांत पहिल्यांदा शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू आला.

हे रीबूटनंतर टिकत नाही. कायमचं करायचं तर ग्रबच्या ओळीत एसीपीआय मास्क जीपीईचा पर्याय घालून ६एफ द्यायचा. मी तेच करून ही नोंद संपवणार होतो. मात्र दार बंद केलं की त्या दारानं येणाऱ्या खऱ्या बातम्याही बंद. काय बंद झालं ते बघू म्हणून मास्क काढून, मोजणी समोर ठेवून लिहायला बसलो. चार्जरची पिन काढली आणि मोजणी जागच्या जागी थांबली. परत लावली, पळाली. गोल पिनचा जुना चार्जर लावला, शांत. टाइप-सी लावला, पळाली!

म्हणजे तंटा टाइप-सी चार्जिंगचा आहे. मग कायमचा मास्क आत्ता नको. आता बेत असा: पुढचे काही दिवस फक्त गोल पिन, ६एफ उघडं, बघू शांत राहतं का. दुसऱ्या वॅटेजचा टाइप-सी चार्जर कुणाकडून तरी उसना घ्यायचा. माझा ४५ वॉटचा आहे आणि ह्या मशीनसोबत आलेला ६५ चा, बायोस त्यावरूनच कुरकुरतोय का ते कळेल. एफडब्ल्यूयूपीडीनं बायोस मागे नेता येतो का तेही बघणार होतो, अंडरव्होल्ट परत मिळेल म्हणून मोहही आहे. पण नव्या बायोसबरोबर आलेल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात जातील, तेव्हा ते सगळ्यात शेवटी.

उद्यमनगरातून जाळीच्या पत्र्याचा स्टँड वाकवून आणला आहे, मागची बाजू दोन बोटं उचलणारा. त्याचे आकडे ह्या गोंधळात घेण्यात अर्थ नव्हता, पुढच्या वेळी देतो. तोवर आठव्या पिढीवाल्यांनी टाइप-सी चार्जर लावून आणि काढून ६एफ ची मोजणी बघा, बायोसची आवृत्ती आणि चार्जरचे वॉट कळवा. ६ई पळत असेल तरी कळवा.