क्लॅरिनेटला दम घेऊ द्यावा

अमळनेर, शनिवार, रात्री उशिरा

मे महिन्यात वाद्यांचे मुद्रित सूर तपासून नीट करायचं काम रात्रीच होतं. दिवसा कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलर चालू असला की सुराची शेपूट ऐकू येत नाही. सूर विरतो तिथली खरखरच तर तपासायची असते.

फुकट मिळालेल्या ऑर्केस्ट्रा-संचाची, म्हणजे संगणकावर वाजवायच्या वाद्यांच्या मुद्रित सुरांच्या संग्रहाची, दुरुस्ती सुरू आहे. त्यात दर तीन अर्धस्वरांना एक ध्वनिमुद्रण आहे, मधले स्वर तेच ताणून केलेले. आज व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचे जरा खालच्या सुरातले भाऊबंद, घेतले. एक सूर दहाएक सेंट उतरलेला निघाला. १०० सेंटचा एक अर्धस्वर, म्हणजे हा फरक एकट्या सुरात कळणारही नाही. पण जोडीला त्याच कुळातले आणखी खर्जातले चेलो लावले की सगळंच मळकट वाटतं. कुठल्या स्वराला कुठलं मुद्रण कसं वाजवायचं ते एसएफझेड फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्येही उघडते. त्या सुराच्या ओळीत ‘ट्यून’पुढे १० लिहिलं, स्फोर्झान्डो या एसएफझेड वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा उघडलं, सूर बसला. मूळ ध्वनिमुद्रणाला हात लागला नाही. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या क्रॅक केलेल्या महागड्या संचांपेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं. उघडून पाहता येतं, नीट करता येतं, उजळ माथ्याने पुढच्याला देता येतं.

देता येतं, पण परवाना वाचूनच. व्हर्सिलियनचा व्हीएससीओ २ कम्युनिटी संच सीसी झिरोखाली आहे, म्हणजे करणाऱ्यांनी आपले हक्क सोडून दिलेत, त्यामुळे त्यातलं बदलून वाटायला कुणाची हरकत नाही. आयोवा विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिक स्टुडिओनेही १९९७पासून वाद्यांचे सूर सर्वांसाठी खुले ठेवलेत. त्यांतले बरेच प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत घेतलेले असल्याने अगदी कोरडे आहेत. सभागृहात मुद्रित झालेल्या व्हायोलिनांशेजारी तिथला कोरडा ओबो, हे एक फुंकवाद्य, परक्यासारखा उभा राहतो. त्याच्यावर वेगळा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, चढवला तेव्हा कुठे तो मंडळींत मिसळला.

तुटक सुरांचंही जमलं. एकच मुद्रण लागोपाठ वाजलं की यंत्र ठोकल्यासारखं ऐकू येतं. म्हणून शेजारच्या स्वराचं मुद्रण उसनं घेतलं, हव्या स्वरावर आणलं आणि दोघांची पाळी लावली.

पण आजची खरी गोष्ट मामांची. त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये उभी हयात क्लॅरिनेट वाजवलं. अहिराणी नाटकासाठी मी केलेला तुकडा त्यांना ऐकवला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, “हाऊ दम कोठे लेस रे भाऊ?” म्हणजे, हा दम कुठे घेतो?

लूप म्हणजे मुद्रणाचा मधला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं. त्यामुळे सूर कळ दाबलेली असेपर्यंत चालतच राहतो. तंतुवाद्यांत ते खपतं. विभागातले वादक गज आळीपाळीने फिरवतात, त्यामुळे सूर खरोखरच अखंड राहू शकतो. एकट्या क्लॅरिनेटला छाती असते. संच सुधारणं म्हणजे सूर, सुरुवात, आवाजाची पातळी एवढंच मी धरून चाललो होतो. मामांनी त्यात वादकाचं शरीर आणलं.

मग एकल क्लॅरिनेटच्या फाइलमध्ये ‘नो लूप’ लिहिलं. आता सूर मुद्रणाइतकाच टिकतो, मग विरतो. वापरणाऱ्याला ओळ तोडावीच लागेल, आणि ती बंधनं मला हवीच आहेत. माझाही तुकडा नव्याने बांधावा लागला. नायिका माहेरची वाट पाहत ओट्यावर बसते, तिथे लांबलचक सूर होता. आता तीन छोट्या ओळी झाल्या, मध्ये श्वासापुरती जागा. प्रसंग कितीतरी बोलका झाला. ज्यांना अखंड सूरच हवा त्यांच्यासाठी लूपवाली जुनी फाइलही वेगळ्या नावाने ठेवली आहे.

मामांचा दम घेण्याचा आवाजही रेकॉर्ड करायचाय, छोटा, मोठा आणि घाईतला. तो सीसी झिरोखाली कुणालाही वापरता येईल हे त्यांना समजावून सांगितलं. ते लगेच हो म्हणाले. आता बासरी आणि बॅसून हे खर्जातलं फुंकवाद्य राहिलेत. ब्रासला, म्हणजे पितळी फुंकवाद्यांना, हात लावण्याआधी मामांच्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्यांना ऐकवायचं, ते किती वेळ सूर धरतात ते विचारायचं आणि मगच लूप काढायचे.