‘ग्रुपवर टाकलं होतं की’

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

दोनदा साबण लावला तरी हाताचा ब्रेक ऑइलचा वास जात नाहीये. रूममेट झोपलाय, म्हणून मोबाइलच्या उजेडात लिहितोय. आजचं आजच लिहिलं पाहिजे. उद्यापर्यंत मी माझ्या सोयीची गोष्ट रचून मोकळा होईन.

सकाळी आमच्या कॉलेज टीमची गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभी राहणार होती. बाहासाठी बांधतोय ती, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांनी खडबडीत रस्त्यावरची गाडी स्वतः बनवायची ती स्पर्धा. तीन महिने ती लोखंडी घोड्यांवरच (स्टँडवर) होती. मागची दोन्ही चाकं मुकाट बसली. मग पुढचं डावं चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं आणि फिरतं त्या भागावर, चढवलं आणि नट आवळायला घेतले. थोडं आवळून झाल्यावर पान्हा पुढे जाईना. वाकून पाहिलं, तर रिम हबला टेकायच्या आधीच आतून कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकच्या पकडीवर, टेकली होती. हब आणि रिम यांच्यात दोन मिलिमीटरची फट. उजवीकडे लावून पाहिलं, तिथेही तेच.

टीममधला ब्रेकवाला उठून उभा राहिला. “रिम कुणी बदलली?”

“मी ग्रुपवर टाकलं होतं की.”

हे वाक्य मी इतक्या पटकन बोललो, की आता आठवून अंगावर काटा येतो. जणू ते तोंडात तयारच होतं.

तो म्हणाला, “मला सांगितलंस का?” मी पुन्हा म्हणालो, “ग्रुपवर टाकलं होतं.” मग आवाज चढले. कॅप्टन मध्ये पडला. वर्कशॉपच्या असिस्टंट काकांनी खिडकीतून डोकावून “भांडायचं असंल तर बाहेर” असं सुनावलं. शेवटी मी मोबाइल काढला आणि तावातावाने मेसेज शोधायला लागलो.

सापडला. रात्री ११:४० चा. त्याच्या वर टी-शर्टच्या पैशांची आठवण, खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचे चौदा केक. मधोमध माझी ओळ: “रिम बदललीय, ऑफसेट थोडा वेगळा आहे, बघून घ्या.” १९ जणांनी पाहिलेला.

थोडा म्हणजे किती? बघून घ्या म्हणजे कुणी? मोठ्याने वाचायला गेलो आणि माझाच आवाज खाली आला. आम्हाला हवी ती रिम दुकानदाराकडे नव्हती. त्याने दुसरी दिली, तीही १० इंचीच, बोल्टची मापंही तीच, फक्त ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते माप, वेगळा. मी तो मोजला होता. माझ्या वहीत आकडा आहे, कॉम्प्युटरवरच्या माझ्या असेंब्लीत (जोडणीच्या ड्रॉइंगमध्ये) बदलही केला होता. ब्रेकवाल्याच्या असेंब्लीत मात्र जुनीच रिम फिरत होती, आणि तिथे त्याचा कॅलिपर अगदी ऐसपैस बसत होता. त्याचं गणित बरोबर, माझंही बरोबर. वर दोघांच्या खोल्या हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर. उठून सांगायला चाळीस पावलं.

सेकंड इयरला सरांनी मंगळाच्या यानाची गोष्ट सांगितली होती. १९९९ च्या सप्टेंबरात नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोचता पोचता गेलं. ठेकेदार कंपनीचं सॉफ्टवेअर यानाला बसणाऱ्या धक्क्यांचे आकडे पाउंड-फोर्स सेकंद या इंग्रजी मापात देत होतं, आणि मार्ग आखणारे ते मेट्रिकमधले न्यूटन-सेकंद समजून घेत होते. दोन्हींत साडेचार पटींच्या आसपास फरक. वर्गात आम्ही खिदळलो होतो, एवढे शिकलेले लोक आणि युनिट चुकतात म्हणून. आमच्याकडे तर युनिटही एकच होतं.

वर्षभर टीममध्ये एकच रडगाणं चाललंय: कागदावर चोवीस जण आणि वर्कशॉपमध्ये सात. सर्टिफिकेटला सगळे, ग्राइंडिंगला कुणी नाही. मीही हे पुष्कळ बोललोय. त्यावर वाचूनही ठेवलं होतं, म्हणजे भांडणात वापरता यावं म्हणून. फ्रान्समधल्या रिंगेलमान नावाच्या शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताण मोजला. ते १९१३ साली छापून आलं. माणसं वाढली तसा माणशी जोर कमी होत गेला. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाताने नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं, तिथेही तसंच. आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की माणसं पुन्हा जोर लावतात, हेही नंतर दिसलं. मीटिंगमध्ये हे सांगून मी भाव खाल्ला होता.

पण आजची चूक न येणाऱ्या सतरा जणांची नाहीच. रोज येणाऱ्या दोघांची आहे. आम्ही दोघंही दोर जोर लावून ओढत होतो, फक्त दोन वेगळे दोर.

दुपारी तोडगा शोधायला बसलो. कॅलिपरचा कोपरा ग्राइंडरने उडवू, असं एकाने सुचवलं. ब्रेकवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा आणायलाच गेला. मग हब आणि रिममध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालायचं ठरलं. दोन मिलिमीटर घुसतंय, वर मोकळीक हवी, म्हणून ६ मिलिमीटर. मी लगेच “झालं” म्हणालो. सस्पेन्शनवाली शांतपणे म्हणाली, “झालं काय? दोन्ही बाजूंनी मिळून गाडी बारा मिलिमीटर रुंद झाली. चाक बाहेर गेलं की स्टिअरिंगला झटके जास्त. आणि हबच्या स्टडची, ज्यावर नट बसतात त्यांची, लांबी कोण बघणार?” बाहाच्या नियमात रुंदीची मर्यादा ६४ इंच आहे. टेप लावला. बसतंय, पण वर फार काही उरत नाही. स्टड मात्र अपुरे पडत होते. नटाबाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत, इन्स्पेक्शनला पहिला टॉर्च तिथेच पडतो, असं सीनियर बजावून गेलेत.

आज पहिल्यांदा तिघं एका स्क्रीनसमोर बसलो होतो. पंधरा मिनिटांत ड्रॉइंग झालं. तिघांची असेंब्ली एकत्र उघडायला तीन महिने लागले आणि बघायला पंधरा मिनिटं.

संध्याकाळी उद्यमनगरात गेलो. लेथवाल्या मामांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. बाहेर अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत किसाचा ढीग, आत देवीचा फोटो, त्याला बारा महिने हार. मामांनी ड्रॉइंग हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मापं वाचायच्या आधी खालचा उजवा कोपरा वाचला.

“ड्रॉन बाय तू. चेक्ड बाय पण तूच?”

“हो. म्हणजे... फॉरमॅटमध्ये असतं म्हणून.”

“आरं, मग चेक कुणी केलं?”

ब्रेकवाला शेजारीच उभा होता. काही बोलला नाही. माझ्या वर्षभराच्या सगळ्या ड्रॉइंगवर हेच आहे, दोन्ही चौकटींत माझीच आद्याक्षरं. त्याच्या ड्रॉइंगवर दुसरी चौकट रिकामी असते, म्हणजे तो निदान खरं तरी बोलतो. मामांनी टेबलावरचं पेन त्याच्यापुढे सरकवलं. त्याने उभ्याउभ्याच एकेक माप बोटाने पाहिलं, मधल्या भोकापाशी थांबला, “मधलं भोक हबच्या खांद्यावर बसतंय ना? मग टॉलरन्स का नाही दिलास?” म्हणाला. म्हणजे मापात किती फरक चालेल ते. नव्हताच दिला. तो लिहिला, मग सही केली. मामा म्हणाले, “आता तासाभरानं या.” तासाचे अडीच तास झाले. दोघं समोरच्या गाड्यावर भेळ खात उभे राहिलो. सकाळच्या भांडणाचा विषय कुणीच काढला नाही. तिखट मात्र त्याने माझ्या भेळेत जास्त घालायला लावलं.

रात्री दहाला चाकं फिरली. मोकळी. साडेदहाला ब्रेक ब्लीड करायला, म्हणजे ऑइलच्या नळ्यांतली हवा काढायला, बसलो.

हे काम एकट्याने होत नाही. एक जण सीटवर, पाय पॅडलवर. दुसरा चाकापाशी उकिडवा, निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पान्हा, निपलवर पारदर्शक नळी, नळीचं टोक ऑइलच्या बाटलीत. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. पॅडल मी घेतलं, निपल त्याने.

“दाब.”

“दाबलंय.”

तो निपल सैल करतो. पॅडल पायाखालून अलगद खाली जातं, नळीतून बुडबुडे निघतात.

“धर... धर... बंद केलं. सोड.”

“सोडलं.”

निपल बंद व्हायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत, आणि आधीची मेहनत पाण्यात. पहिल्या चाकाला मी तेच केलं. तो “सोड” म्हणेल म्हणून आधीच सोडलं. त्याने शिवी दिली, मी ऐकून घेतली. दुसऱ्या चाकापासून मी प्रत्येक शब्द परत उच्चारायला लागलो. दाब, दाबलंय. सोड, सोडलं. शेजारी बसलेला फर्स्ट इयरचा पोरगा हसायला लागला, म्हणाला, आजोबा-आजी फोनवर बोलतात तसं वाटतंय.

स्पर्धा होते त्या पीथमपूरला, इंदूरजवळ, ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात, म्हणजे फिरायची थांबावी लागतात. नाही झाली तर चार तासांच्या एन्ड्युरन्सला, म्हणजे शेवटच्या लांब शर्यतीला, गाडी उभीच करता येत नाही. २००७ पासून ही स्पर्धा आपल्याकडे होतेय. ब्रेक टेस्टपाशी रडलेल्या टीमच्या कहाण्या सीनियर भुतांच्या गोष्टींसारख्या सांगतात.

तीन चाकं झाली. चौथ्याला बाटलीतलं ऑइल संपलं आणि दुकानं केव्हाच बंद झाली होती. थोडं ऑइल रोल केजवर, म्हणजे गाडीच्या पाइपांच्या सांगाड्यावर, सांडलं, तर परवाच मारलेला पिवळा रंग सोललासुद्धा. रंगवाल्याला अजून माहीत नाही. ग्रुपवर नाही टाकलं. सकाळी उठलो की आधी त्याच्या खोलीवर जायचंय, मग ऑइल आणायला. पुढचं डावं चाक राहिलंय.