पळायला की पळून

"मॅडम पळायला गेल्यात," सिस्टर म्हणाल्या, तर आजी उठूनच बसल्या. "पळून गेल्या व्हय? आन् आमच्या पोराकडं आता कोन बघायचं?"

सकाळी मी परत आले तेव्हा सिस्टरनी हसत हसत हे सांगितलं. मीही हसले. राउंड झाला, ओपीडी झाली, दुपारी दोन हर्निया झाले. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि ते 'पळून गेल्या' अजून कानातून जात नाहीये.

पोरगा एकोणीस वर्षांचा. अपेंडिक्स फुटलेलं, पोटभर पू. रात्री एकला आत घेतला, साडेतीनला बाहेर. त्यानंतर दोन तास आडवी झाले असते तर कुणी नावं ठेवली नसती. मी पावणेसहाला यवतेश्वरच्या घाटाला लागले. झोपेने जे भरून येत नाही ते तिथे भरून येतं, हे घरात किती वेळा सांगितलं. आता सांगत नाही.

घाटात एका वळणावर रेंज जाते. फार तर दहा मिनिटं. नेमका तेव्हाच पोराला थंडी वाजून ताप भरला. ड्युटीवरच्या आरएमओ डॉक्टरने बघितलं, जे करायचं ते केलं, मी असते तरी तेच केलं असतं. काही बिघडलं नाही. दुपारी पोरगा पाण्याचे दोन घोट मागत होता. मग मी हा हिशेब कुणाला देत बसलेय?

दुपारी झोपलेला डॉक्टर दमलेला असतो, पळणारा डॉक्टर रिकामा असतो. लोकांना तसंच वाटतं. त्यातून बाई असली की... जाऊ दे. ऑपरेशनला चार-चार तास उभी असते तेव्हा माझ्या पोटऱ्यांची चौकशी कुणी करत नाही. बाबांनी घेतलेले पळायचे स्पाइक्स बूट कपाटात तसेच आहेत. तेही जाऊ दे.

संध्याकाळी पुन्हा तालिमेरेन आओंची गोष्ट काढून बसले. नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचा मुलगा. वडील लवकर गेले. मुलाने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. कलकत्त्याला कारमायकेल मेडिकल कॉलेजात शिकत असताना मोहन बागानकडून फुटबॉल खेळला, कप्तान झाला. १९४८चं लंडन ऑलिंपिक, स्वतंत्र भारताचं पहिलंच. उद्‌घाटनाला झेंडा याच्या हातात आणि फुटबॉल संघही याचाच. ३१ जुलैला फ्रान्सशी सामना, आपले बहुतेक जण अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या आणि आपण २-१ने हरलो. १९५०ला एमबीबीएस झाला आणि मग आपल्या डोंगरात परत. कोहिमाच्या सिव्हिल हॉस्पिटलात असिस्टंट सिव्हिल सर्जन, पुढे नागालँडचा आरोग्य संचालक.

सगळे इथे 'केवढा त्याग' म्हणून थांबतात. मला थांबता येत नाही. कलकत्त्यात त्या वेळी कुणी म्हणालं असेल का, ऐन भरात पळून गेला? आणि कोहिमात एखाद्या संध्याकाळी, शेवटची ड्रेसिंग संपल्यावर, मैदानावरून पोरांचा आरडाओरडा ऐकू आल्यावर पायांना काय झालं असेल? हे कुणी त्यांना विचारलं असेल का?

एरिक हायडनचं मला कधी असं वाटत नाही. १९८०ला लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगची ५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंत पाचही सुवर्णपदकं एकट्याची, मग सायकल, मग ऑर्थोपेडिक सर्जन. वडीलही ऑर्थोपेडिकच. त्याला कुणी अडवलं नाही, म्हणून त्याच्याशी माझं फारसं जमतही नाही.

पण लिहिता लिहिता कळतंय की आजींचा शब्द लागला तो त्या चुकल्या म्हणून नाही. त्या वळणावर रेंज गेली की मला बरं वाटतं. फोनवरच्या त्या रेघा पुसल्या जातात आणि छातीत काहीतरी सैल होतं. ती दहा मिनिटं मी कुणाची सर्जन नसते. तेवढ्यापुरती मी पळूनच गेलेली असते. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, मकरंदलाही नाही.

मग वर पोचते, मागे फिरते. उतारावर रेंज येते आणि फोन खिशात थरथरतो. आज सात मिस्ड कॉल होते. उरलेला घाट मी इतक्या वेगाने कधीच उतरले नव्हते. गुडघा अजून बोलतोय.

रात्री नऊला वॉर्डात गेले. पोराचा ताप उतरलेला, पोट मऊ, ड्रेनच्या नळीत थोडंच. आजी त्याच्या पायाशी बसून तळवा चोळत होत्या. माझ्या बुटांकडे बघितलं त्यांनी. बदलायचे राहून गेले होते. नाडीला दोन वेढ्यांची गाठ होती. पोटातले धागे बांधताना मारते ना, तीच. हात दुसरी मारतच नाहीत आता.

"उद्या जानार हाय का पळाया?"

"जाणार आहे आजी."

"कवा?"

"पावणेसहाला."

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. पांघरूण नीट केलं. मग म्हणाल्या, "मग आधी ह्याला बघून जावा."

अलार्म साडेचारचा लावलाय. आधी वॉर्ड, मग घाट. आणि त्या वळणाआधी सिस्टरना एक फोन.