पाटावरचा हत्ती रोज नवा का काढायचा?

सप्टेंबर सरत आला, की आमच्या इमारतीतली कोणी ना कोणी मला दर वर्षी एकच प्रश्न विचारते. या वेळी तो तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मुलीने विचारला. "काकू, भोंडल्याचा हत्ती हल्ली छापलेला मिळतो, लाकडीही मिळतो. मग तुम्ही सोळा दिवस रोज हाताने काढता आणि रोज पुसता, ते का?" तिने विचारले म्हणून सांगते, जिन्यात उभ्या उभ्या सांगण्याइतके हे उत्तर लहान नाही.

माझे माहेर कोल्हापूरकडचे. तिकडे याला हादगा म्हणतात. समोरासमोर सोंडा उंचावलेल्या दोन हत्तींचे चित्र भिंतीवर लावायचे आणि त्यावर फळांची, भाज्यांची माळ सोडायची, अशी आमच्या घरची रीत होती. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा त्याच खेळाला भोंडला म्हणतात आणि हत्ती पाटावर काढून, पाट मधोमध ठेवून, त्याभोवती फेर धरतात हे मला सासूबाईंनी दाखवले. विदर्भ-खानदेशात याच सुमारास भुलाबाई, गुलाबाई बसते. तिथे हत्तीऐवजी शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती असतात आणि खेळ कोजागरीपर्यंत चालतो. नावे आणि रीती वेगळ्या असल्या, तरी दिवस हेच, पाऊस परतण्याचे.

हत्तीच का, याचे उत्तर आकाशात आहे. सत्तावीस नक्षत्रांतले तेरावे नक्षत्र हस्त. २६-२७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य त्यात शिरतो आणि साधारण तेरा-चौदा दिवस तिथे राहतो. शेतकऱ्याच्या हिशेबात हे पावसाच्या नक्षत्रांतले शेवटाकडचे. सकाळभर कडक ऊन, दुपारी ढग आणि संध्याकाळी गडगडाटासह एक जोरकस सर, असा या पावसाचा स्वभाव असतो. सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीची सारी भिस्त या दिवसांत जमिनीत मुरलेल्या ओलीवर असते, त्यामुळे त्या भागात हस्ताची वाट किती आतुरतेने पाहत असतील याची कल्पना करता येते. हस्त म्हणजे हात. पाच तारकांचा पंजा. हत्तीलाही संस्कृतात हस्ती म्हणतात, कारण सोंड हा त्याचा हात. ज्या दिवसांत सूर्य हस्तात असतो, त्या दिवसांत त्याच्या उजेडामुळे तो पंजा आकाशात दिसतच नाही. वर दिसत नाही तो आपण खाली पाटावर काढतो, असे मी माझ्यापुरते मानत आले आहे. शास्त्रात असे कुठे लिहिले आहे असा माझा दावा नाही. पण हाताच्या नक्षत्रातला, हात असलेला प्राणी आपल्याच हाताने काढावा, यात मला फार आनंद वाटतो.

आता तो काढायचा कसा, ते सांगते, कारण खरे उत्तर तिथेच आहे. दुपारी चारच्या सुमारास पाट ओल्या फडक्याने पुसून, त्यावर गेरूचा हात देऊन मी तो उंबऱ्याजवळ वाळत ठेवते. रांगोळीची चिमूट अंगठा आणि तर्जनी यांत धरायची आणि सर्वांत आधी पाठ काढायची, डोक्यापासून शेपटीपर्यंत, हात न उचलता, एका दमात. पाठीची रेघ जमली की हत्ती जमला. ती मध्येच थबकली तर पुढे कितीही नटवा, हत्ती म्हशीसारखा दिसतो. मग सुपासारखा कान, त्याच्यापुढे सोंड, आणि चार पाय, त्यांतला एक किंचित उचललेला. डोळ्याला मी काळे मिरे ठेवते. उरते ती झूल, आणि दोन तास कसे जातात हे कळत नाही ते त्या झुलीमुळे. तिची चौकट आखून आत मसूर डाळ, हिरवे मूग, तीळ, हरभऱ्याची डाळ अशा ओळी भरायच्या. मसुराच्या डाळीशेजारी मूग ठेवले की दोन्ही रंग उठून दिसतात, हे मला एका आठ वर्षांच्या मुलीने दाखवून दिले. त्याआधी कित्येक वर्षे मी मुगाशेजारी तीळ भरत होते.

याच दिवसांत आमच्या आवारातला प्राजक्त भरात असतो. रात्री उमललेली फुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचली नाहीत तर कोमेजतात, म्हणून सहाच्या आत परडी घेऊन खाली जावे लागते. पांढऱ्या पाकळ्या वेगळ्या करून केशरी देठ कोमट पाण्यात टाकले, की तासाभरात पाण्याला रंग चढतो. पूर्वी याच रंगात कापड रंगवत असत. मी त्यात मूठभर तांदूळ भिजवून सावलीत सुकवते. त्यांना जो फिकट केशरी रंग येतो, तो बाजारच्या कोणत्याही रंगात मला मिळालेला नाही. झुलीची किनार त्या तांदळाची असते. सोळा दिवसांत हा रंग दोनदा सारखा आलेला मला आठवत नाही, कारण रात्री पाऊस झाला असेल तर भिजलेल्या देठांचा रंग उतरलेला असतो. रात्री काय घडले, हे पाटावरच्या हत्तीकडे पाहून सांगता येते. छापील हत्तीला रात्रीच्या पावसाचा पत्ता नसतो.

एका वर्षी हात दुखत होता म्हणून मी छापील हत्ती आणला होता, हेही सांगायला हवे. चित्र सुबक होते. मुली वेळेवर आल्या, फेर धरला, गाणी म्हटली, खिरापत खाल्ली आणि गेल्या. पण चार ते सहा या वेळात माझ्या दाराशी कोणीही येऊन बसले नाही. शाळेतून येताना दप्तरासकट टेकणाऱ्या, "काकू, शेपटी मी काढू?" म्हणणाऱ्या मुलींना त्या वर्षी बसायला काही कारणच उरले नव्हते. दुसऱ्या वर्षी हात बरा होताच मी ते चित्र माळ्यावर टाकले.

खिरापतीबद्दलही मला असेच वाटते. जुन्या रीतीप्रमाणे पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत सोळाव्या दिवशी सोळा गाणी होतात आणि खिरापतीही त्याच क्रमाने वाढतात. इतक्या खिरापती मी एकटी करत नाही, त्या घरोघरी वाटून घेतो. पण प्रत्येक खिरापत झाकलेल्या डब्यातून येते आणि ओळखल्याशिवाय उघडायची नसते. गेल्या वर्षी मी तांबड्या भोपळ्याचे घारगे केले होते आणि वास बाहेर येऊ नये म्हणून डबा पंचात गुंडाळला होता. प्रश्न सुरू झाले. गोड की तिखट? तळलेले की वाफवलेले? एकीने शंकरपाळे सांगितले, दुसरीने अनारसे. मग सर्वांत धाकटीने डबा मागून घेतला, कानाशी धरून हळूच हलवला आणि गंभीरपणे म्हणाली, "खडखडत नाही, सरकतंय. म्हणजे चपटं आहे." तिथून घारग्यांपर्यंत पोहोचायला त्यांना दोन मिनिटे लागली. विकतच्या खोक्यावर नाव छापलेले असते, त्यामुळे तो डबा कानाशी धरण्याची कोणावर वेळच येत नाही.

नवरात्रातल्या मोठ्या, एका संध्याकाळच्या भोंडल्याला माझा विरोध नाही. नोकरी करणाऱ्या बायकांना रोज सहाला हजर राहणे शक्य नसते, आणि वर्षातून एकदा पन्नास जणींचा फेर धरला जातो ही चांगलीच गोष्ट आहे. पण सोळा दिवसांचा खेळ एका दिवसावर आणला, तर दिवस लहान होत जातात तेही मग ध्यानात येत नाही. पहिल्या दिवशी खेळ संपतो तेव्हा जिन्यात उजेड असतो. सोळाव्या दिवशी शेवटची गाणी दिवा लावून म्हणावी लागतात, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झालेला असतो आणि संध्याकाळची ती सर येईनाशी झालेली असते.

पुसण्याचेही सांगते. रात्री जेवणे आटोपल्यावर झुलीचे धान्य मी हलकेच एका ताटलीत लोटते. ते सकाळी गच्चीवर पाखरांना जाते. मग पाट ओल्या फडक्याने पुसते. मुलींना पूर्वी याचे वाईट वाटे. आता त्यांच्यातच आदल्या दिवशीच ठरलेले असते, की उद्या सोंड वर करायची की खाली, झुलीला कोणती डाळ, अंबारी हवी की नको. पाट मोकळा नसेल तर हे सगळे ठरवायचे कशासाठी?

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मुली, हस्त लागला की चार वाजता ये. येताना फक्त हात कोरडे ठेव, ओल्या बोटांतून रांगोळी सुटत नाही. पाठ पहिल्या दिवशी मी काढीन, सोंड तू काढ.