तुम्ही विचारलंत म्हणून: प्रकरणावर पात्राचं नाव का नसतं?

माझ्या कथांमध्ये एकच प्रसंग दोघं-तिघं आपापल्या तोंडून सांगतात, पण आता कोण बोलतंय हे वर लिहिलेलं नसतं. असं का, हे मला नेहमी विचारलं जातं.

नाव लिहिण्यात गैर काही नाही. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात. सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्णही. एवढ्या पसाऱ्यात नावं हवीतच. माझी गोष्ट मात्र एका ओसरीवरची होती. घराची वाटणी. सांगणारे तिघं: थोरला भाऊ, धाकट्याची बायको आणि सासरहून आलेली बहीण. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, तो सोडल्याची तिची सही हक्कसोडपत्रावर हवी होती.

पहिल्या खर्ड्यात मी नावं दिली होती. मैत्रिणीनं ती झाकून वाचलं आणि तिसऱ्या पानावर विचारलं, "हे कोण बोलतंय?" तिघांच्या तोंडून मीच बोलत होते.

मग नावं काढली आणि पुन्हा लिहायला बसले. तेव्हा लक्षात आलं की आपल्या भाषेत नातं लपतच नाही. थोरला म्हणेल, "आई ओसरीवर बसली होती." सून म्हणेल, "सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या." म्हातारी तीच, ओसरी तीच, पण क्रियापदसुद्धा सुनेचं झालं. बहिणीचीही आईच, पण तिथे 'मी आलो' आणि 'मी आले' मदतीला येतं. ('मी दार उघडलं' यातून काहीच कळत नाही, म्हणून अशा वाक्यानं मी प्रकरण सुरू करत नाही.)

पण मला खरं सापडलं ते 'आपलं' आणि 'आमचं' या दोन शब्दांत. बहीण भावाला म्हणते, "दादा, आपलं घर आहे ते." तो म्हणतो, "आमच्या घराचं आम्ही बघू गं, तू काळजी करू नकोस." सही व्हायच्या आधीच ती त्या घराबाहेर गेली. तिच्या प्रकरणात हा शब्द कानात रुतून बसलेला आहे. दादाच्या प्रकरणात हेच बोलणं येतं, पण तिथे तो म्हणतो, "आपल्या घराचं आपण बघू." तो खोटं बोलत नाही. त्याला तसंच आठवतं. एवढ्यासाठी मला दोघंही हवे होते.

आणि सून? ती चहा टाकायला आत गेली होती, तिनं यातलं काही ऐकलं नाही. तिचं प्रकरण अर्ध्या पानाचं आहे. कप उचलायला ती बाहेर येते, तेव्हा वन्संच्या चहावर साय धरलेली असते.