तुम्ही विचारलंत म्हणून: मी आत असून सर्व्हर का पडतो

लग्नात, बारशात, गल्लीतल्या गणपतीच्या मंडपात, परवा तर खडेबाजारात गाडी थांबवून, सगळे एकच विचारतात. तू आत आहेस न्हवं, मग सरकारी दाखल्यांचा सर्व्हर का पडतोय, आणि पडला की तू आत बसून करतोस काय? दरवेळी दोन वाक्यं बोलून सुटका करून घेतली, आता एकदा सगळं लिहितो.

आधी हे ऐका, मी सरकारी नोकर नाही. गळ्यातलं कार्ड कर्नाटक सरकारच्या खात्याचं आहे, खरं पगार एजन्सी देते, आणि करार दरवर्षी नवा होतो. सॉफ्टवेअर मी लिहीत नाही, ते कंपनी लिहिते. मशीनं माझी नाहीत, ती बंगळूरच्या डेटा सेंटरमध्ये आहेत. माझं काम या दोन्हींच्या मधलं, म्हणजे ॲप्लिकेशन चालू आहे का, डेटाबेसची कनेक्शनं संपायला लागलीत का, रात्रीची बॅच पूर्ण झाली का, डिस्क किती भरली, आणि काही अडलं की लॉग, म्हणजे सिस्टीम स्वतःच लिहीत जाते ती नोंदवही, उघडून कुठं अडलंय ते शोधायचं, तिकीट काढायचं म्हणजे बिघाडाची तक्रार नोंदवायची, ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याच्या मागं लागायचं. ॲप्लिकेशन ऑपरेशन्स इंजिनिअर म्हणतात याला. मामा लोकांना सांगतात पोरगा कॉम्प्युटर रिपेरीला आहे, मी त्यांचं वाक्य दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

दुसरा प्रश्न असतो की मराठी असून कर्नाटक सरकारचं काम कसं करतोस. सीमाप्रश्नाचं 1956 पासूनचं सगळं मला घरातच शिकवलंय, ते परत सांगायची गरज नाही. खरं खानापुरात, निपाणीत, बेळगावात दाखल्याच्या रांगेत उभी असलेली माणसं कोण आहेत? स्क्रीन कन्नडमधनं असो नाहीतर कशातनं, ती बंद पडली की त्यातली निम्मी आपलीच माणसं मोकळ्या हातानं परत जातात. याहून जास्त मला या विषयावर बोलायचं नाही.

आता मूळ प्रश्न. काउंटरवरचा मुलगा 'सर्व्हर डाऊन' म्हणतो तेव्हा दर वेळी सर्व्हर पडलेला नसतो. कधी ओटीपी येत नाही, कधी अंगठ्याचं मशीन बोट घेत नाही, कधी रस्ता खणताना केबल तुटते, कधी साहेबांच्या डिजिटल सहीची मुदत संपलेली असते. रांगेतल्या माणसाला हे सगळं कोण समजावत बसणार, म्हणून एकच शब्द. आणि खरोखर पडतो तेव्हा बहुतेक वेळा सकाळी साडेदहा ते साडेबारा, कारण राज्यातले सगळे काउंटर एकाच वेळी उघडतात आणि सगळ्यांची शेवटची तारीख एकाच दिवशी येते. 2023 च्या जुलैत गृहलक्ष्मीची, म्हणजे घरातल्या बाईला महिन्याला पैसे देणाऱ्या राज्याच्या योजनेची, नोंदणी सुरू झाली तेव्हा केंद्रांवरची गर्दी तुम्ही डोळ्यांनी बघितलीय, तेवढी माणसं एकदम आली की कुठल्याही सिस्टीमवर ताण येतोच.

खरं तुम्हाला हे उत्तर नको असतंय हे मला कळतंय. तुम्हाला त्या डिसेंबरचं विचारायचं असतंय, तेच सांगतो.

मावशीच्या मुलीनं एका जागेसाठी अर्ज केला होता, सगळे कागद जोडून शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत हातोहात द्यायचे होते. तिचा दाखला कधीच मंजूर झालेला, सही पण झालेली, फक्त केंद्रावर जाऊन प्रिंट काढायची होती. काका जांबोटीकडनं सकाळच्या बसनं खानापूरला आले. ऑपरेटरनं नंबर टाकला, स्क्रीन फिरत राहिली, मग बंद.

आमच्याकडं कारण अर्ध्या तासात सापडलं. आधीच्या आठवड्यात नवीन व्हर्जन चढवताना कंपनीनं लॉगची पातळी डीबगवर, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहिलं जाईल अशी, ठेवली होती ती परत खाली आणली नव्हती. त्यामुळं प्रत्येक दाखल्याची पूर्ण फाईल, आतल्या मजकुरासकट, लॉगमध्ये लिहिली जात होती आणि शेवटच्या तारखेच्या गर्दीत डिस्क गच्च भरली. उपाय दोन. एक, जुने लॉग पुसायचे. ते करायला येत नाही, सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणं लॉग 180 दिवस ठेवावेच लागतात, आणि त्यांच्यात लोकांची जात, उत्पन्न, पत्ता सगळं असल्यामुळं दुसऱ्या कुठल्या मशीनवर हलवायला पण परवानगी लागते. दोन, लॉगची पातळी परत खाली आणायची. एका फाईलमधला एक शब्द. पासवर्ड माझ्याकडं होता. खरं चालू सिस्टीममधला कुठलाही बदल दोन मंजुऱ्यांशिवाय करायचा नाही, एक कंपनीची, एक खात्याच्या अधिकाऱ्याची. कंपनीची लगेच आली. अधिकारी विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या ड्युटीवर होते, बंगळुरात पण नाही, आमच्याच बेळगावात, हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, माझ्या खुर्चीपासून काही किलोमीटरवर, आणि फोन बंद, कारण आत सभागृहात प्रश्नोत्तरं चालू.

मी रिकाम्या हातानं बसलो नव्हतो. जुन्या व्हर्जनची पॅकेजं, मेमरीचे डंप, जे जे नियमात बसून पुसता येईल ते सगळं पुसलं, सर्व्हिस चालू केली. चाळीसेक मिनिटं चालली. त्या चाळीस मिनिटांत शेकडो लोकांची कामं झाली असतील. काकांचं झालं नाही, कारण ऑपरेटरनं सगळ्यांना दुपारनंतर या म्हणून सांगितलं होतं आणि ते स्टँडकडं गेले होते. मी काकांना फोन लावत होतो, लागत नव्हता. ते परत आले तोवर डिस्क परत भरलेली. मग त्यांचाच फोन आला.

'अरे तू आतच बसलायस न्हवं? मग तिथनं एक कागद काढायला येत नाही काय?'

येत होतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतोय. सकाळी ऑपरेटरनं प्रिंटचा प्रयत्न केला तेव्हाच तिच्या दाखल्याची फाईल लॉगमध्ये उतरली होती. सही केलेली, पूर्ण. तिच्या अर्जाचा नंबर काकांनीच मला पाठवला होता, तो शोधला असता तर दोन मिनिटांत दाखला माझ्या समोर, व्हॉट्सॲपवर पाठवला असता तर खानापुरात कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट निघाली असती. मी काकांना म्हटलं, होत नाही. फोन ठेवला.

मंजुरी सहाला आली. एक शब्द बदलला, सगळं सुरळीत झालं. साडेपाच वाजून गेले होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या एका कागदानं कुणाचं काय गेलं असतं. मला लॉग वाचायची परवानगी आहे ती बिघाड शोधायला. त्यातनं एखाद्या माणसाचा कागद उचलून बाहेर पाठवला, तो माझ्या बहिणीचा असो नाहीतर आणि कुणाचा, की मग उद्या कुणीतरी दुसऱ्याच्या भावकीचं उत्पन्न बघून सांगेल, कुणीतरी लग्न ठरवायच्या आधी मुलाकडच्यांची जात काढून देईल. हे मी पाठ केलेलं बोलत नाही, अशा विनंत्या मला आलेल्या आहेत, जवळच्या माणसांकडनं, आणि त्यांना नाही म्हटलं तेव्हा पण लोक रागावलेत. आणि त्याच रांगेत त्या दिवशी आणखी किती मुली होत्या ज्यांचा कुणी आत बसलेला नव्हता?

खरं नोकरीला लागलो तेव्हाचा मी यावर गप्प बसला नसता. तो म्हणायचा, माणसाचं काम आधी, कागद मागनं. त्यानं तो एक शब्द सकाळी अकरालाच बदलला असता, मंजुरी मागनं घेतली असती, आणि एकट्या बहिणीचं न्हवं, सगळ्या रांगेचं काम झालं असतं. याला माझ्याकडं उत्तर नाही. दाखला काढून दिला नाही ते बरोबर केलं असं मी मानतो. लॉगचा शब्द बदलला नाही त्याबद्दल मात्र एक दिवस एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. करार गेला असता ही भीती होती काय? होती. घरात मिळवणारा मी एकटा आहे. खरं नुसती भीती होती असंही नाही.

आणि सगळ्यात बोचतंय ते हे. सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायच्या कर्नाटकाच्या 2011 च्या सकाल कायद्यात उशीर झाला तर अर्जदाराला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 भरपाई आहे. बहिणीच्या बाबतीत सिस्टीम सांगते की दाखला मुदतीत मंजूर. उशीर शून्य. आणि त्या दिवशी ज्यांचा अर्ज घेतलाच गेला नाही त्यांना नंबरच मिळाला नाही, मग त्यांचा उशीर मोजणार कुठनं? आमच्या महिन्याच्या रिपोर्टात तो दिवस 'अंशतः व्यत्यय' म्हणून एका ओळीत आहे, ती ओळ मीच लिहिलीय, कारण तक्त्यात दुसरा रकानाच नाही.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीच्या मागं आहे. काही ठरावीक बदल, ज्यांनी लोकांच्या माहितीला हात लागत नाही, त्यांना आधीच मंजुरी देऊन ठेवा, म्हणजे ड्युटीवरचा माणूस लगेच करेल आणि नंतर कळवेल. कन्नडमधनं टिपणी लिहिली, मित्राकडनं तपासून घेतली, वर पाठवली. सर्व्हिस परत चालू करणं मंजूर झालं, तात्पुरत्या फायली पुसणं मंजूर झालं. लॉगची पातळी बदलणं परत आलं, सुरक्षा ऑडिट झाल्यावर बघू असा शेरा मारून. ऑडिट झालं की तीच टिपणी परत पाठवणार आहे, या वेळी त्या दिवसाचे तासातासाचे आकडे जोडून, कुठल्या तासाला किती प्रिंट अडल्या त्याचे.