पाय चौकटीत हवेत

सोलापूर, रविवार, रात्री अकरा.

गेल्या महिन्यातील कार्यक्रमाचे चित्रीकरण परवा हाती आले. माझ्या वर्गातील मुलींचे चेहरे, गजरे, अलंकार सारे त्यात आहे. पाय मात्र जवळजवळ कुठेच नाहीत. सहा महिने ज्या पदन्यासासाठी घाम गाळला, तो चौकटीच्या खालीच राहून गेला. त्या वैतागातच आज नर्तक उदय शंकर यांचा ‘कल्पना’ हा चित्रपट पुन्हा लावून बसले.

हा माणूस मुळात चित्रकलेचा विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९२० साली लंडनला गेला आणि तिथे रशियन बॅलेची सम्राज्ञी आना पावलोव्हा हिच्या नजरेत भरला. १९२३ मध्ये तिच्यासाठी त्याने ‘हिंदू विवाह’ आणि ‘राधा-कृष्ण’ या रचना बसवल्या व दुसरीत तिच्यासोबत तो स्वतः कृष्ण म्हणून नाचला. कोणत्याही गुरूकडे रीतसर तालीम न झालेल्या तरुणाने हे करावे, याचे मला, वर्षानुवर्षे अडवू, म्हणजे भरतनाट्यमचे पायाभूत पदन्यास, घोटवून घेणाऱ्या शिक्षिकेला, थोडे वैषम्यही वाटते. पुढे त्याने अल्मोड्याला कलाकेंद्र उभारले, ते महायुद्धाच्या काळात पैशाअभावी बंद पडले. (तिथेच शिकलेला गुरुदत्त नंतर पुण्याला ‘प्रभात’मध्ये नृत्यदिग्दर्शक म्हणून आला.) केंद्र गेल्यावर त्याने चित्रपट काढला. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत चित्रित झालेला ‘कल्पना’ १९४८ साली प्रदर्शित झाला. कथा, दिग्दर्शन, नृत्यरचना आणि नायकाची भूमिका, सारे त्याचेच. संगीत गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांचे. चित्रपट चालला नाही. हा त्याने दिग्दर्शित केलेला एकमेव कथापट.

गोष्ट मला आजही विस्कळीत वाटते, पण श्रमिक आणि यंत्रांच्या नृत्याशी आले की मी थांबते. माणसे तिथे यंत्राचे भाग होतात, हात दट्ट्यासारखे पुढे-मागे जातात आणि थोड्या वेळाने माणूस कुठला नि यंत्र कुठले हे कळेनासे होते. आमच्या पूर्व भागात घराच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असतात. आज त्यांचा खडखडाट आणि पडद्यावरचा ठेका क्षणभर एकत्र आला. माझे वडील गिरणीत होते. तुटलेला धागा शोधून ते दोन बोटांत चिमटीने वळून जोडत, आणि घरी जेवतानाही कधी कधी त्यांची बोटे तशीच वळत. ती हालचाल मी आजवर कुठल्याही नृत्यात घातलेली नाही.

रंगमंचावर प्रेक्षकाची खुर्ची ठरलेली असते. कॅमेऱ्यापुढे ती खुर्ची कुठे ठेवायची, किती वेळ ठेवायची आणि केव्हा उचलायची हे कोणीतरी ठरवतेच. उदय शंकर यांनी ते स्वतः ठरवले. मी ते अशा माणसावर सोपवले, ज्याला माझ्या मुली आठव्या मात्रेवर कुठे असणार आहेत हे ठाऊकच नव्हते, आणि मीही त्याला ते सांगितले नाही. चूक त्याची कमी, माझी जास्त.

बुधवारच्या तालमीला मुलाकडून मोबाइल आणि तिपाई मागून घेतली आहे. तिपाई कुठे ठेवायची, त्या जागी फरशीवर खडूने आधीच खूण करून आले. आणि वडिलांची ती चिमूट, ती पहिल्या ओळीतल्या मुलींना शिकवून पाहणार आहे.